पार्श्वभूमी : टी-३ चे तापमान आणि एक जुना संशय

ऑगस्ट १९६८मध्ये नोव्होसिबिर्स्कच्या परिषदेत सोव्हिएत गटाने जाहीर केले की त्यांच्या टी-३ टोकामॅकमध्ये (अणुकेंद्रांच्या संमीलनातून ऊर्जा मिळवण्यासाठी प्लाझ्मा, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायू, चुंबकीय क्षेत्रात कोंडणारे कडीच्या आकाराचे यंत्र) इलेक्ट्रॉनांचे तापमान सुमारे एक कोटी अंशांवर गेले आहे. अमेरिकी शास्त्रज्ञांना ते पटले नाही. हा किस्सा बहुधा त्यांची खिल्ली उडवत सांगितला जातो, पण त्यांचा संशय रास्त होता.

दहा वर्षांपूर्वी ब्रिटनचे हसे झाले होते. झीटा या संमीलन यंत्रात पन्नास लाख अंश गाठल्याचे जानेवारी १९५८मध्ये सांगितले गेले आणि काही महिन्यांतच दावा मागे घ्यावा लागला. प्लाझ्माच्या प्रकाशातील वर्णरेषा (ठरावीक रंगांच्या रेषा) किती रुंदावल्या यावरून तापमान काढले होते; पण प्लाझ्मा नुसता घुसळला गेला तरी रेषा रुंदावतात. संमीलनाची खूण मानलेले न्यूट्रॉन दिसले ते खरे, पण ते उष्णतेतून आलेले नव्हते.

टी-३ मध्येही तापमान थेट मोजलेले नव्हते. प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्राला किंचित बाहेर रेटतो आणि नळीभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यात त्याची नोंद होते. तिच्यातून कळतो तो दाब, तोही इलेक्ट्रॉन आणि आयन (इलेक्ट्रॉन गमावलेले अणू) यांचा एकत्र. घनता वेगळी मोजायची आणि दाबाला तिने भागायचे. मेख इथेच होती. मोजके इलेक्ट्रॉन विद्युतक्षेत्रात सुसाट सुटले, तर दाबाचा मोठा वाटा ते एकटेच उचलू शकतात. मग गणित चोख असूनही बाकीचा प्लाझ्मा थंडच असू शकतो. वेटोळ्याला हा फरक कळत नाही.

सोव्हिएतांनी चक्क ब्रिटिशांनाच मोजायला बोलावले. त्याच ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले, तरी निमंत्रण टिकले. ब्रिटिश पथक सुमारे पाच टन साहित्य घेऊन मॉस्कोला गेले. रुबी लेझरचा झोत प्लाझ्मातून सोडायचा आणि इलेक्ट्रॉनांवरून विखुरलेला प्रकाश पकडायचा. इलेक्ट्रॉन जितके वेगवान, तितका रंगाचा पट्टा रुंद. प्रकाश किती विखुरला यावरून घनताही मिळते. विखुरलेला प्रकाश अत्यल्प, त्यात प्लाझ्माची स्वतःची चमक. काम किचकट होते.

नोव्हेंबर १९६९मध्ये निष्कर्ष छापून आले. तापमान एक कोटी अंशांच्या घरात होतेच, पण माझ्या मते निर्णायक ठरला तो पट्ट्याचा आकार. औष्णिक समतोलात, म्हणजे सगळ्या इलेक्ट्रॉनांचे वेग एकाच तापमानाला साजेसे वाटलेले असताना, असावा तसाच तो होता. तापमानाचा आकडा सुसाट इलेक्ट्रॉनांनी फुगवलेला नव्हता. १९७०मध्ये अमेरिकेत एका मोठ्या स्टेलरेटरचा (प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्रात कोंडणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या यंत्राचा) टोकामॅक केला गेला.

पुढे रुबी लेझरच्या जागी भराभर स्पंद देणारे लेझर आले. शिवाय चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या सूक्ष्मलहरींवरूनही तापमान मिळू लागले. वाद मात्र मिटला नाही. १९९०च्या दशकात अमेरिका आणि युरोपच्या मोठ्या टोकामॅकांत, सुमारे सहा-सात कोटी अंशांच्या वर, सूक्ष्मलहरींचे तापमान लेझरच्या तापमानापेक्षा वीसेक टक्क्यांपर्यंत जास्त येऊ लागले. कमी वेगाच्या इलेक्ट्रॉनांची वेगवाटणी औष्णिक नसावी, असा एक अंदाज आहे. फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या ईटर या आंतरराष्ट्रीय टोकामॅकमध्ये तापमान याहून कितीतरी वर जायचे आहे आणि तिथे दोन्ही पद्धती असतील. सूक्ष्मलहरींच्या मापनव्यवस्थेचा काही भाग भारताकडे आहे.