गुलाबी बोंडअळीचे पंचांग

बाहेरून धड दिसणारे कापसाचे बोंड डिसेंबरात फोडले, तर कधी कधी सरकीचे दोन दाणे एकमेकांना चिकटलेले सापडतात. नखाने ते सोडवले की मधे वेटोळे करून पडलेली गुलाबी अळी दिसते. तिने खाणे बंद केलेले असते, पण ती जिवंत असते. दिवस लहान झाले, रात्री गार पडू लागल्या की काही अळ्या अशा सुप्तावस्थेत जातात आणि त्यातल्या थोड्या दोन वर्षांहूनही जास्त तग धरतात.

या किडीची पहिली नोंद आपल्या शेजारची, गुजरातेतल्या भडोचची. १८४२ साली तिथल्या सरकारी कापूस मळ्यातला उपद्रव इंग्लंडला कळवला गेला आणि पुढच्या वर्षी कीटकशास्त्रज्ञ सॉन्डर्स यांनी तिचे शास्त्रीय वर्णन केले. तिच्या वाढीचा हिशेब ज्या कल्पनेवर उभा आहे, ती मात्र त्याहून शंभर वर्षे जुनी. फ्रान्समध्ये शास्त्रज्ञ रेओम्यूर यांनी १७३५च्या सुमारास, पीक तयार व्हायला किती उष्णता लागते हे रोजच्या तापमानाची बेरीज करून पाहिले. त्यांनीच किड्यांचे कोष भर हिवाळ्यात उबदार काचघरात ठेवले, तेव्हा पतंग वेळेआधी बाहेर आले. तळघराच्या गारव्यातले कोष कितीतरी महिने तसेच पडून राहिले. किडीला स्वतःच्या अंगची ऊब नसते. ती हवेच्या उबेवर वाढते.

पुढे याच बेरजेतून ‘डिग्री-डे’ची पद्धत आली. गुलाबी बोंडअळीची वाढ साधारण १३ अंशांखाली थांबते. दिवसाचे तापमान ३३ आणि रात्रीचे २१ असेल, तर सरासरी २७. त्यातून १३ वजा केले की त्या दिवसाचे १४ डिग्री-डे तिच्या खात्यात जमा. थंडीत दिवसा २८ आणि रात्री १२ असेल, तर ७च. म्हणजे ऑक्टोबरात महिनाभरात पुरी होणारी पिढी थंडीत दुप्पट वेळ घेते. पस्तिशीपलीकडच्या उन्हात हा हिशेब लागू पडत नाही, तिथे वाढ उलट मंदावते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतातून गेलेल्या कापसाबरोबर ही अळी इजिप्तला पोहोचली आणि तिथून बियाण्यातून मेक्सिको, टेक्सासपर्यंत गेली. इजिप्तने सरकी गरम हवेत तापवून आतली अळी मारायची यंत्रे बसवली. तिची मर्यादा ओळखून उष्णतेचाच वापर तिच्याविरुद्ध केला गेला.

आपल्याकडे, विशेषतः विदर्भात, मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट निराळी आहे. इथली थंडी या अळीला पुरती थांबवण्याइतकी कडक नसते. तिची साखळी तुटायची ती मुख्यतः अन्न संपल्यामुळे: कोरडवाहू कापसाची उलंगवाडी झाली, म्हणजे शेवटची वेचणी संपली, पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडे) उपटली, उन्हाळ्यात नांगरट झाली, की मेच्या उन्हात उघड्या पडलेल्या सुप्त अळ्या करपत. १९७०मध्ये सुरतेहून आलेल्या एच-४ या वाणापासून संकरित कापूस पसरला, पुढे ओलिताची सोय वाढली आणि हंगाम लांबत गेला. २००२मध्ये बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारणारे विष झाडातच तयार करणाऱ्या वाणाला, मंजुरी मिळाली, तेव्हा काही वर्षे अळी दिसेनाशी झाली. मग पाणी देऊन मार्चपर्यंत फरदड ठेवणे, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक उभे ठेवणे, अनेकांना परवडू लागले. शेतकऱ्याला त्यासाठी दोष देणे मला पटत नाही, हातात आलेले दोन जास्तीचे वेचे कोण सोडेल? पण जानेवारी-फेब्रुवारीच्या उबेत हिरवी बोंडे मिळाल्यावर अळीला सुप्तावस्थेत जायची गरज उरली नाही. पिढ्या वाढल्या, तशी बीटीला न जुमानणाऱ्या अळ्यांची संख्याही वाढली. गुजरातेत पहिल्या पिढीच्या बीटीला ती दाद देत नसल्याचे २०१०मध्ये जाहीर झाले आणि २०१७च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतांत बोंडे किडकी निघाली, वेचणीला कवडीच, म्हणजे किडका, डागाळलेला कापूसच हाती आला.

आज कृषी विभाग जूनआधी कापूस लावू नका म्हणतो, त्यामागे हाच हिशेब आहे. उन्हाळ्याअखेर पावसाची ओल लागली की सुप्त अळ्या कोषात जातात आणि पतंग बाहेर पडतात. त्यांचे आयुष्य थोडे. शेतात पाते (कापसाच्या कळ्या) आणि फुले नसतील, तर पुढची पिढी उभी न करताच ते मरतात. मेमध्ये ओलिताखाली लावलेल्या कापसाला मात्र जुलैत पाते धरलेले असते. तिथे पाकळ्या न उमलता गुंडाळून बसलेली डोमकळी दिसली, तर ती तोडून उघडावी. आत बहुधा या वर्षीची पहिली अळी असते.