मैत्रीण कथेत आली कुठून? दिवाळी अंक, फराळ आणि मुंबईतल्या स्त्रीकथेची पार्श्वभूमी

जुन्या मराठी कथेतल्या बाईला सासू असते, नणंद असते, जाऊ असते, शेजारीणही असते. मैत्रीण मात्र क्वचित भेटते, आणि भेटलीच तर माहेरच्या आठवणीत. याचं कारण अगदी व्यवहारातलं आहे. लग्न लहान वयात होई, सासर परगावी असे आणि बरोबर खेळलेली मुलगी तिच्या सासरी गेलेली असे. जात्यावरच्या ओव्यांमधली 'सई' अशीच दूर राहिलेली आहे. लग्नाने जोडलेल्या नात्यांपलीकडचं माणूस भेटायला घराबाहेर एखादी जागा लागते. ती जागा बायकांना जसजशी मिळत गेली, तसतशी मैत्रीण कथेत आली आणि तिच्यासोबत 'पुन्हा सुरुवात' हा विषयही आला. हे दोन्ही विषय मराठीत आजही बहुधा जोडीने येतात, ते त्यामुळे.

हरि नारायण आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?' मध्ये यमूला दुर्गी नावाची मैत्रीण आहे. दोघी एकमेकींचं दुःख जाणतात, पण एक दुसरीला हात देऊ शकत नाही, कारण दोघींपैकी एकीच्याही मालकीचं छप्पर नाही. यमूचे सुखाचे दिवस येतात ते मुंबईत, नवऱ्याबरोबरच्या बिऱ्हाडात. तो गेल्यावर तेही संपतात. विधवाविवाहाला 1856 मध्येच कायद्याने मान्यता मिळाली होती, तरी विधवा बाईला राहायला घर नव्हतं.

असं एक घर मुंबईतच उघडलं. पंडिता रमाबाईंनी 11 मार्च 1889 रोजी शारदा सदन सुरू केलं. पुढच्याच वर्षी ते पुण्याला हललं, पण बायकांनी बायकांसोबत राहून शिकण्याची रीत तिथे पडली. सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी विवाह करून त्या आनंदीबाई कर्वे झाल्या आणि पुढे त्यांनी 'माझे पुराण' हे आत्मकथन लिहिलं. मराठीतल्या नव्या सुरुवातीच्या कथेचं मूळ शोधायचं तर कादंबऱ्यांच्या आधी अशी आत्मकथनं वाचावीत. काय खाल्लं, कुठे झोपलो, पैसे कुणी दिले हे त्यांत नेमकं सांगितलेलं असतं. नंतरच्या कथेत नेमकं तेच पुष्कळदा गाळलं जातं.

कर्व्यांच्या, पुण्याजवळ हिंगण्यात उभ्या राहिलेल्या स्त्रीशिक्षण संस्थेचा दिवाळीशीही संबंध आहे. संस्थेसाठी घरोघर फिरून भाऊबीज निधी गोळा करायची प्रथा आजही चालू आहे. भावाने बहिणीला घालायची ओवाळणी अनोळखी मुलींच्या शिक्षणाकडे वळवायची, ही त्यामागची कल्पना. आपल्या सणांत इतक्या साध्या आणि इतक्या उपयोगी पडलेल्या कल्पना फार नाहीत.

याच हिंगण्यात शिकलेल्या बाळूताई खरे पुढे मालतीबाई बेडेकर झाल्या आणि मराठी वाचकांनी त्यांना विभावरी शिरूरकर म्हणून ओळखलं. 'कळ्यांचे निःश्वास' 1933 मध्ये आलं आणि त्यापाठोपाठ 'हिंदोळ्यावर'. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुली त्या कथांमध्ये पहिल्यांदा स्वतःच्या आवाजात बोलल्या. पुस्तकावर टोपणनाव होतं, त्यामुळे 'या विभावरीबाई कोण?' ही चर्चा बराच काळ रंगली. ज्या मुलींबद्दल त्या लिहीत होत्या, त्यांना वसतिगृह आणि शाळेची शिक्षकखोली या दोन जागा मिळालेल्या होत्या. मैत्रीण तिथे घडली.

दिवाळी अंकाची परंपरा मुंबईत त्याआधीच रुजली होती. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1895 मध्ये 'मनोरंजन' मासिक सुरू केलं आणि 1909 मध्ये त्याचा दिवाळी अंक काढला. मराठीतला हा पहिला दिवाळी अंक मानला जातो. इंग्रजी नियतकालिकांचे नाताळ अंक मित्रांच्या डोळ्यांसमोर होते. लगेच पुढच्या वर्षी, 1910 मध्ये, लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' हे पाकपुस्तक आलं. वर्षभराच्या अंतराने निघालेली ही दोन प्रकाशनं एकाच घरात शिरली. एक स्वयंपाकघरात वाचलं जाई, दुसरं दुपारी आडवं पडून. ऑगस्ट 1930 पासून किर्लोस्करांचं 'स्त्री' मासिक निघू लागलं आणि बाईने बाईसाठी लिहिलेल्या कथेला वर्षभर चालणारी जागा मिळाली.

दिवाळी अंकाने या कथेला लांबी दिली. मासिकातली कथा पाच-सात पानांत आवरावी लागते. दिवाळी अंकात दहा-बारा हजार शब्दांची दीर्घकथा सहज मावते. लग्न मोडणं, घर सोडणं, पहिला पगार, मैत्रिणीशी भांडण आणि पुन्हा बोलणं हे सगळं एका वर्षाच्या पटावर मांडायला एवढी जागा लागतेच. गौरी देशपांडे यांचं 'एकेक पान गळावया' (1980) हे तीन दीर्घकथांचं पुस्तक, आणि मराठी बाईच्या स्वातंत्र्याविषयीचं एवढं मोकळं लेखन त्याआधी क्वचितच झालं होतं. त्यांच्या नायिका एका झटक्यात बदलत नाहीत. हो-नाही करत, मागे फिरत बदलतात. लघुकथेत हे बसलं नसतं.

अंक तयार होतो कसा, हे कळलं की या कथांचे काही गुणदोषही कळतात. संपादकाचं निमंत्रण मे-जूनमध्ये जातं. कथा आषाढ-श्रावणात हवी असते आणि प्रत्यक्षात ती गणपतीच्या आसपास येते. मग जुळणी, दोन वेळा मुद्रितशोधन, चित्रं, जाहिराती. नवरात्रात छपाई सुरू होते, वसुबारसेच्या आत अंक दादर स्टेशनबाहेरच्या दुकानांत पोचला पाहिजे. पानं फॉर्मात छापली जातात, एक फॉर्म साधारण 16 पानांचा. अंक 16 च्या पटीत बसत नसेल तर चार पानं वाढवायची किंवा कापायची वेळ येते आणि कात्री बहुधा शेवटच्या कथेला लागते. सहकारी बँकेची जाहिरात ऐनवेळी आली तरी तेच. या घाईत कथेचा शेवट आखडतो. नायिकेला अचानक नोकरी लागते किंवा मैत्रिणीची रिकामी खोली सापडते. शेवटची दोन पानं आधीच्या वीस पानांहून कच्ची वाटली, तर लेखिकेइतकंच हे वेळापत्रकही त्याला जबाबदार असतं. पावसाळ्याची ओल उतरली नसेल तर मुंबईत कागद लहरतो, शाई वाळायला वेळ लागतो आणि बांधणी आणखी दोन दिवस लांबते.

कथा संपादकाकडे गेली की लिहिणाऱ्या बाईची दिवाळी घरात सुरू होते, तीही एकटीने नव्हे. गिरगाव, दादर, लालबागच्या चाळींत फराळ गॅलरीत व्हायचा, आणि घरात कोंडलेल्या बाईला मैत्रीण भेटण्याची ही सर्वांत जुनी जागा.

कामाचा क्रम पदार्थांच्या मुदतीवर ठरतो. अनारशांचं पीठ सर्वांत आधी, कोजागिरीच्या सुमारास. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, मग सावलीत फडक्यावर वाळवून किंचित दमट असतानाच दळायचे. पिठात वजनाने जवळपास तेवढाच गूळ मिसळून गोळे करून आठवडाभर डब्यात ठेवायचे. अनारसा तुपात 'हसतो', म्हणजे फसफसून विरघळतो, तो पीठ फार ओलं राहिल्याने किंवा गूळ जास्त झाल्याने. म्हणून जुन्या बायका मूठभर कोरडी पिठी बाजूला राखून ठेवतात आणि पहिला अनारसा हसला की ती मळतात.

चकलीच्या भाजणीचं प्रमाण घरोघर थोडं बदलतं, पण 4 वाट्या तांदूळ, 2 वाट्या हरभरा डाळ, 1 वाटी उडीद डाळ हा पाया ठरलेला. त्यात अर्धी वाटी मूगडाळ, अर्धी वाटी पोहे, पाव वाटी धणे आणि दोन चमचे जिरे. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण डाळ आणि पोहे एका वेळेत भाजून होत नाहीत. 4 वाट्या भाजणीला पाव वाटी तेलाचं मोहन आणि साधारण 4 वाट्या उकळतं पाणी. मोहन जास्त झालं तर चकली तेलात मोडते, कमी पडलं तर दगडासारखी होते. तेल फार तापलेलं असेल तर वरून लाल आणि आत ओली राहते, आणि डब्यात गेल्यावर मऊ पडते. पितळी सोऱ्या मजल्यावर एखादाच चांगला असे, तो या घरातून त्या घरात फिरे.

करंजीला तर निदान चौघी लागतात. एक लाटते, एक सारण भरते, एक कातण्याने कापते, एक तळणीजवळ बसते. भरलेल्या करंज्या ओल्या फडक्याखाली ठेवायच्या, नाहीतर पारी सुकते, कडा उकलते आणि सारण तुपात सांडून पुढचा सगळा घाणा काळा होतो. हे काम तीन-चार तास चालतं, हात गुंतलेले असतात आणि तोंड मोकळं. कुणाचा नवरा घरी पैसे देत नाही, कुणाची मुलगी परत आली आहे, हे तिथे कळतं. फराळाचं ताट शेजारी गेलं की ते रिकामं परत येत नाही. मराठी कथेतल्या मैत्रीच्या संवादाची लय या गॅलरीतून आली आहे. हातातल्या कामाकडे बघत, नजरेला नजर न देता, अवघड गोष्ट अर्ध्या वाक्यात सांगण्याची ती लय आहे.

कायदाही मधल्या काळात बदलला. मुंबई प्रांतात 1947 मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला आणि 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने ती सोय देशभर आली. त्यानंतर कथेतली बाई नवऱ्याला सोडून फक्त माहेरी किंवा विहिरीकडे जात नाही. ती वकिलाकडे, नोकरीकडे, महिला वसतिगृहाकडेही जाऊ लागते. 1975 च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षात मुंबईत स्त्री मुक्ती संघटना उभी राहिली. त्याच वर्षी प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. गिरणी कामगारांचे डबे रांधणाऱ्या या बायका सावकाराच्या व्याजातून सुटून बँकेच्या कर्जापर्यंत पोचल्या. जानेवारी 1982 मध्ये गिरण्यांचा संप झाला आणि गिरणगावातल्या असंख्य घरांची चूल बाईच्या कमाईवर आली. अशा बायकांच्या पुन्हा सुरुवातीला मध्यमवर्गीय दिवाळी अंकांत फार थोडी जागा मिळाली, आणि ही या कथेची मोठी उणीव आहे.

ती उणीव दलित लेखिकांनी काही अंशी भरून काढली. कोकणातून मुंबईत आलेल्या ऊर्मिला पवार यांचा 'सहावं बोट' हा कथासंग्रह 1988 चा, 'आयदान' हे आत्मकथन 2003 चं. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधून, भेटून मीनाक्षी मून आणि त्यांनी मिळून 'आम्हीही इतिहास घडवला' लिहिलं. ते 1989 मध्ये आलं. दोघी बायका एकत्र निघतात आणि इतर बायकांचं जगणं नोंदवतात, हे काम स्वतःच मैत्रीचं मोठं उदाहरण आहे. त्याच वर्षी विद्या बाळ यांनी 'मिळून साऱ्याजणी' सुरू केलं. मैत्री त्या मासिकाच्या नावातच होती.

1990 मध्ये शांता गोखले यांची 'रीटा वेलिणकर' आली. मुंबईत घर चालवणारी, विवाहित पुरुषाशी अनेक वर्षं नातं असलेली रीटा मनाने कोसळून इस्पितळात दाखल होते. तिथून ती उभी राहते त्यात सरस्वती या मैत्रिणीचा मोठा वाटा आहे. दुर्गीला यमूसाठी जे करता आलं नाही ते सरस्वती करू शकते, कारण ती स्वतःच्या पायांवर उभी आहे. आपट्यांच्या कादंबरीपासून इथे यायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. त्यानंतर दोनच वर्षांनी, 5 मे 1992 रोजी, चर्चगेट-बोरिवली मार्गावर पहिली लेडीज स्पेशल, म्हणजे फक्त महिलांची लोकल, धावली. महिलांच्या डब्यात भाजी निवडणं, दसऱ्याला डबा सजवणं, वाढदिवसाचा केक कापणं हे आधीपासून चालूच होतं. चाळीची गॅलरी संपत आली तेव्हा बोलायची ती जागा डब्यात आली. फरक इतकाच की गॅलरीतल्या बाईला शेजार निवडता येत नसे. डब्यातला ग्रुप तिने स्वतः निवडलेला असतो.

आज अशी कथा लिहायला बसणाऱ्यांनी मुंबईचे आकडे टाळू नयेत. घर सोडलेली बाई राहते कुठे? वसतिगृहात परतायची वेळ ठरलेली असते. भाड्याच्या घराला 11 महिन्यांचा करार आणि एकरकमी डिपॉझिट लागतं. एकट्या बाईला घर द्यायला सोसायटी का-कू करते. डिपॉझिट कुणी भरलं, करारावर साक्षीदार म्हणून सही कुणी केली, याचं उत्तर कथेत आलं की मैत्रीण आपोआप खरी होते. ते आलं नाही तर ती फक्त नायिकेचं ऐकून घेणारी आणि चहा करणारी बाई उरते.

कथा आता मोबाइलवर टाइप होऊन ईमेलने किंवा व्हॉट्सअॅपवर येते आणि युनिकोडमधून छपाईच्या जुन्या फाँटमध्ये बदलताना जोडाक्षरं मोडतात. सर्वांत जास्त मोडतो 'ऱ्या'. म्हणून या कथांच्या मुद्रितात 'दुसऱ्या', 'नवऱ्याला', 'साऱ्याजणी' हे शब्द मुद्रितशोधकाला शोधून-शोधून तपासावे लागतात, आणि ते जवळपास प्रत्येक पानावर असतात.