बाळाचे सरकारी लसीकरण: ठाणे-नवी मुंबईत नाव कुठे नोंदवायचे, कागद कोणते, आणि कार्ड नसेल तर काय

सरकारी लसीकरणासाठी अर्ज भरावा लागत नाही. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, भाडेकरार यातले काही लागत नाही आणि पैसे तर नाहीतच. बाळ आणि त्याला कडेवर घेऊन येणारे घरचे मोठे माणूस, एवढे पुरते. पुढे जे कागद सांगते आहे ते नोंद नीट राहावी म्हणून. ते जवळ नाहीत म्हणून लस अडता कामा नये, आणि हे इतके ठासून सांगायला कारण आहे.

माझ्या मावसबहिणीचा मुलगा साताऱ्याकडच्या गावी जन्मला. जन्माच्या वेळच्या लसी तिथे झाल्या. नंतर त्याचे आजारपण, नवऱ्याची महाप्याला लागलेली नोकरी आणि कोपरखैरण्यात घर हलवणे यांत पुढच्या तारखा गेल्या. ती त्याला घेऊन एका केंद्रावर गेली तेव्हा तो अकरा महिन्यांचा होता. "आधी कार्ड घेऊन या," असे सांगून तिला परत पाठवले. लसींच्या नोंदींचे ते कार्ड गावच्या ट्रंकेत. ते हातात पडेपर्यंत पाच आठवडे गेले आणि मुलाचा पहिला वाढदिवस होऊन गेला.

त्या पाच आठवड्यांत काय हुकले? सरकारी वेळापत्रकात रोटाव्हायरस (जुलाबावरची), न्यूमोकोकल (पीसीव्ही, न्यूमोनियावरची) आणि पेंटाव्हॅलंट (पेंटा, पाच आजारांवरची एकत्र लस) या तिन्ही लसींचा पहिला डोस एक वर्षाच्या आतच सुरू करता येतो. वर्ष उलटले की पेंटाऐवजी डीपीटी देतात, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वातापासून संरक्षण मिळते, पण पेंटातले हिब (मेंदूज्वर, न्यूमोनिया करणारा जंतू) आणि कावीळ-बी यांचे संरक्षण राहून जाते. जुलाब आणि न्यूमोनियावरच्या दोन लसी तर सुरूच होत नाहीत. यातला एक जरी डोस वर्षाच्या आत मिळाला असता, तर त्या लसीचे उरलेले डोस वर्षानंतरही घेता आले असते. एका कार्डापायी हे सगळे गेले, ते मला अजून पचत नाही.

कोण पात्र

गरोदर बाई आणि प्रत्येक मूल. गरोदरपणात टीडीचे (धनुर्वात-घटसर्पाची लस) दोन डोस, चार आठवड्यांच्या अंतराने. मागच्या तीन वर्षांतल्या गरोदरपणात दोन्ही झाले असतील तर एक बूस्टर पुरतो.

बाळाला जन्मताच बीसीजी (क्षयरोगावरची), पोलिओचे थेंब आणि चोवीस तासांच्या आत कावीळ-बीची लस. ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटा, पोलिओचे थेंब आणि रोटा. ६ आणि १४ आठवड्यांना त्याशिवाय पोलिओचे इंजेक्शन आणि पीसीव्ही. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेला (एमआर), पीसीव्हीचा बूस्टर आणि पोलिओच्या इंजेक्शनचा तिसरा डोस. हा तिसरा डोस २०२३ पासून आला, त्यामुळे थोरल्याच्या कार्डावर तो दिसत नसेल तर गोंधळू नका. १६ ते २४ महिन्यांत एमआरचा दुसरा डोस, डीपीटीचा आणि पोलिओचा बूस्टर. पाच-सहा वर्षांना डीपीटीचा दुसरा बूस्टर, मग दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी. शेवटच्या तीन लसी पालक हमखास विसरतात, कारण तोवर कार्ड कपाटात गेलेले असते.

कुठे जायचे

घराजवळचे महापालिकेचे नागरी आरोग्य केंद्र हे पहिले ठिकाण. ठाण्यात कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नवी मुंबईत वाशी, नेरूळ आणि ऐरोलीची महापालिका रुग्णालये आहेतच. वस्त्यांमधून अंगणवाडीत किंवा समाजमंदिरात ठरलेल्या वारी सत्र लागते. तो वार आशाताईला माहीत असतो.

वाराचे कारणही समजून घ्या, नाहीतर उगाच चिडचिड होते. बीसीजी आणि एमआरची कुपी एकदा विरघळवली की चार तासांत संपवावी लागते, उरलेली फेकून द्यावी लागते. एका कुपीत अनेक मुलांचे डोस असतात. म्हणून सिस्टर मुले एका दिवशी गोळा करू पाहतात. तरी बाळाची मुदत जवळ आली असेल तर ते स्पष्ट सांगा आणि जवळच्या मोठ्या रुग्णालयात कोणत्या दिवशी लस मिळेल ते विचारून घ्या.

नोंदणी आणि कागद

केंद्र सरकारच्या यू-विन पोर्टलवर पालकाचा मोबाइल नंबर आणि एक फोटो ओळखपत्र देऊन घरबसल्या नाव नोंदवता येते, केंद्र आणि दिवस निवडता येतो. जमले नाही तर केंद्रावर सिस्टर नोंदवून घेतात. मोबाइल नंबर मात्र टिकणारा द्या. पुढच्या डोसची आठवण त्यावर येते, प्रमाणपत्रही त्यावरूनच उघडते. सिम बदलले की सगळा माग तुटतो.

सोबत न्यायचे: माता-बाल संरक्षण कार्ड (हेच ते लसींचे कार्ड), आईचे किंवा वडिलांचे ओळखपत्र, आणि खासगी दवाखान्यात काही लसी झाल्या असतील तर ती फाइल. जन्मदाखला असेल तर तारीख पक्की होते, नसेल तर रुग्णालयाचा डिस्चार्ज कागद चालतो.

कार्ड हरवले तर आधी यू-विनवर जुना मोबाइल नंबर घालून पाहायला सांगा, कारण दुसऱ्या जिल्ह्यातली नोंदही तिथे सापडू शकते. गावच्या आशाताईला फोन करून तिच्या रजिस्टरमधल्या पानाचा फोटो मागवा. काहीच मिळाले नाही तर नवीन कार्ड करून वयाप्रमाणे लस सुरू करतात. राहिलेला डोस पुढे चालू करायचा असतो, पहिल्यापासून मोजायचे नसते. बीसीजीचा वण उठला नाही म्हणून ती पुन्हा देत नाहीत. साधी सर्दी, खोकला, हलका ताप असला तरी लस देता येते, "बरे झाल्यावर बघू" म्हणण्यात महिने जातात.

एका ठिकाणी मात्र कागद खरोखर लागतात. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी मिळणाऱ्या ५,००० रुपयांतला २,००० रुपयांचा दुसरा हप्ता जन्मनोंदणी आणि १४ आठवड्यांपर्यंतच्या लसी झाल्यावरच मिळतो. त्यासाठी आधार, आधारशी जोडलेले बँक खाते आणि लसींच्या नोंदी असलेले कार्ड तयार ठेवा.

अजून कोण राहिले आहे

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या अंदाजानुसार भारतात एकही पेंटा न मिळालेली, म्हणजे 'झिरो डोस' मुले २०२३ मध्ये सुमारे १६ लाख होती, ती २०२४ मध्ये सुमारे ९ लाखांवर आली. एका वर्षात एवढी घट हे घरोघर फिरणाऱ्या बायकांचे काम आहे. पण उरलेली मुले शोधायला सगळ्यांत अवघड. बांधकामाच्या साइटवरून साइटवर जाणारी, दगडखाणीवरची, दिघ्याच्या डोंगरउतारावर सहा महिने आणि मग भिवंडीला सहा महिने राहणारी कुटुंबे कोणत्याच आशाताईच्या यादीत पक्की बसत नाहीत. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी आणि मालेगावात गोवराची साथ आली. गोवर रोखायला शंभरातल्या ९५ मुलांना दोन्ही डोस लागतात, नव्वदीवर काम भागत नाही. तेव्हा साथीच्या भागात एमआरचा जादा डोस देण्यात आला. असा डोस नेहमीच्या दोन डोसांच्या वर असतो. तो घेतला म्हणून कार्डावरचे डोस चुकवू नका.

आपल्याकडे हे जमते, हेही सांगते. २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने टायफॉइडची नवी संयुग्म (लहान बाळांनाही देता येणारी) लस नऊ महिने ते चौदा वर्षांच्या सुमारे १ लाख १३ हजार मुलांना दिली. सरकारी यंत्रणेतून ही लस देणारी ती जगातली पहिली मोहीम. तुमच्या मुलाला तेव्हा ती मिळाली असेल तर तो कागद जपून ठेवा, कारण टायफॉइड अजून नेहमीच्या सरकारी वेळापत्रकात नाही.

लस झाल्यावर अर्धा तास केंद्रातच थांबा. निघताना सिस्टरला चार गोष्टी विचारा: आज कोणती लस दिली, ताप-सूज आली तर काय करायचे, पुढची तारीख कोणती, आणि कार्डावर ते लिहिले का. मग दारातच कार्डाचा फोटो काढून नवऱ्याला, आईला, बहिणीला पाठवून ठेवा. मे महिन्यात गावी जायचे असेल आणि तारीख त्याच दिवसांत पडत असेल, तर गावच्या उपकेंद्रात ती लस घेता येते. माझ्या बहिणीने त्याच्या डीपीटीचा दुसरा डोस तसाच गावी घेतला, आणि या वेळी कार्ड तिच्या पर्समध्ये होते.