कम्युनिटी कॉलेज म्हणजे 'वाया गेलेल्यांचं' कॉलेज नव्हे

अमेरिकेत मुलाला शिकायला पाठवायचं म्हटलं आणि कम्युनिटी कॉलेजचं, म्हणजे तिथल्या दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजचं, नाव निघालं की नातेवाईक हमखास बजावतात: "कम्युनिटी कॉलेज नको हं, कुठेच प्रवेश मिळाला नाही की तिथं जातात. पुढे काही होत नाही." हे साफ चुकीचं आहे, आणि त्यापायी चांगली पोरं संधी सोडतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

आयलीन कॉलिन्स यांचंच पाहा. न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा गावची, सरकारी घरकुलात वाढलेली मुलगी. 1976 साली कॉर्निंग कम्युनिटी कॉलेजातून दोन वर्षांची पदवी, मग सिराक्यूज विद्यापीठ, मग हवाई दल. 1995 मध्ये त्या स्पेस शटल हे अमेरिकेचं अंतराळयान चालवणाऱ्या पहिल्या महिला वैमानिक झाल्या. 1999 च्या जुलैत 'कोलंबिया' यानाचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं, शटलच्या पहिल्या महिला कमांडर म्हणून. त्या यानाच्या पोटात होती 'चंद्रा' ही अवकाश दुर्बीण, आपल्या खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांच्या नावाची!

रिचर्ड कार्मोना यांनी तर शाळाच अर्धवट सोडली होती. लष्करात गेले, व्हिएतनाममध्ये लढले, परतून ब्रॉन्क्स कम्युनिटी कॉलेजात शिकले, डॉक्टर झाले आणि 2002 ते 2006 देशाचे सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्याबाबत सरकारचे प्रमुख डॉक्टर, होते.

ही कॉलेजं विद्यापीठाची पहिली दोन वर्षं कमी फीमध्ये पुरी करून देतात. पुढे विद्यापीठात जाता येतं. इथं पुऱ्या केलेल्या कोणत्या विषयांचे क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, तिथं धरले जातील, ते मात्र प्रवेशाआधीच विचारून घ्या. नर्स आणि अग्निशमन दलाचे जवानही याच वर्गांतून तयार होतात.