वीज पायाळूवर पडत नाही, रानात असलेल्यावर पडते

मराठवाड्यात वीज पडून कुणी गेलं की मयतीत एक प्रश्न हमखास निघतो, "पायाळू होता का हो?" पायाकडून जन्मलेल्याला वीज ओढून घेते, हा समज आजीच्याही आजीपासूनचा. विजेला जन्माची रीत कळत नाही. तिला लागते आसपासची उंच वस्तू. मोकळ्या काळ्या रानात ती म्हणजे बांधावरचं एकटं लिंब, नाहीतर उभा माणूस.

मग विचारायचं ते हे, की त्या वेळी रानात असतं कोण? परतीचा पाऊस नेमका सोयाबीनच्या काढणीत गाठतो. दुपारी आभाळ भरून येतं, मालक बरेचदा गावात, पक्क्या घरात. बाया बनीम, म्हणजे काढलेल्या पिकाचा ढीग, झाकायला ताडपत्री ओढत पळतात आणि मग त्याच लिंबाखाली दाटीनं उभ्या राहतात. झाडावर पडलेली वीज बुंध्यातून शेजारच्यावर उडी घेते, जमिनीतूनही पसरते. झाडाखाली बांधलेली जनावरं एकदम मरतात ती त्यामुळंच.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप २० ते ४० किलोमीटरच्या परिघातल्या विजांचा इशारा देतं. चांगलंच आहे. पण मजूर बाईच्या घरात फोन एकच, तोही पोराच्या हातात. आणि इशारा कळला तरी जायचं कुठं? शिवारात आसरा म्हणजे चार खांबांवरचे पत्रे. एका दुपारचं काम सोडलं तर रोज बुडतो.

आणि हो, वीज पडलेल्याच्या अंगात करंट राहत नाही. शेणात पुरत बसू नका. श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला घ्या, दवाखान्यात पोचेपर्यंत.