इंग्लंडमधील महिला रग्बी लीगची दुसरी श्रेणी

इंग्लंडमधील महिला रग्बी लीगची दुसरी श्रेणी : रग्बी फुटबॉल लीग (आरएफएल) या नियामक संस्थेच्या महिला सुपर लीगखाली भरणारी स्पर्धा. 'विमेन्स चॅम्पियनशिप' हे तिचे रूढ नाव. २०२२ आणि २०२३ या दोन हंगामांत मात्र सुपर लीगचेच दोन गट पाडले गेले आणि प्रत्यक्षात दुसऱ्या श्रेणीचे काम 'दुसऱ्या गटा'ने केले. नाव, संघसंख्या आणि वर जाण्याची वाट या तिन्ही गोष्टी सुरुवातीच्या वर्षांत वारंवार बदलल्या. त्यामुळे या श्रेणीचा इतिहास तिच्या विजेत्यांच्या यादीतून फारसा कळत नाही. कोणते संघ वरून घसरले, कोणते खालून चढले आणि का, हे पाहिले तर तो उलगडतो.

महाराष्ट्रात रग्बी म्हटले की बॉम्बे जिमखान्याचे मैदान आठवते. तिथला खेळ रग्बी युनियन, म्हणजे पंधरा खेळाडूंचा. रग्बी लीग त्याच घराण्यातला, पण वेगळा खेळ. प्रत्येक बाजूला तेरा खेळाडू असतात आणि सामना ८० मिनिटांचा असतो. चेंडू घेऊन पळणारीला प्रतिस्पर्ध्यांनी धरून पाडले की एक टॅकल मोजला जातो. पडलेली खेळाडू उठते, चेंडू पायाने मागे सरकवते आणि खेळ पुढे सुरू होतो. असे सहा टॅकल झाले की चेंडू दुसऱ्या संघाकडे जातो, म्हणून बहुतेक संघ पाचव्या टॅकलनंतर चेंडूला लाथ मारून तो लांब धाडतात. चेंडू गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवला तर ट्राय, त्याचे ४ गुण. त्यानंतरच्या यशस्वी किकचे २, पेनल्टीचेही २ आणि ड्रॉप गोलचा १. धावत येणारीला तिघींनी मिळून अडवण्याचा प्रकार पाहिला की मराठी प्रेक्षकाला कबड्डीतली पकड आठवल्यावाचून राहत नाही.

या खेळाचा जन्मच पैशाच्या भांडणातून झाला. यॉर्कशर आणि लँकेशरमधले खेळाडू गिरण्यांत आणि खाणींत काम करणारे होते. शनिवारी सामना खेळायचा तर कामावर खाडा पडायचा आणि रोज बुडायचा. त्या बुडालेल्या रोजाची भरपाई द्यावी, ही उत्तरेकडच्या क्लबांची मागणी लंडनच्या रग्बी युनियनने फेटाळली. तेव्हा २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात जमून २२ क्लबांनी वेगळी चूल मांडली. भरपाईची मर्यादा दिवसाला सहा शिलिंग ठरली. खेळाडूंची संख्या १५ वरून १३ वर आली ती १९०६ मध्ये, आणि संघटनेला आजचे नाव मिळाले १९२२ मध्ये. २०२५ च्या महिला सुपर लीगमधल्या आठ क्लबांपैकी सहा जणांचे पूर्वज त्या २२ मध्ये होते : हडर्सफील्ड, लीड्स, ली, सेंट हेलेन्स, वॉरिंग्टन आणि विगन. मजुरी बुडू नये म्हणून जन्मलेल्या खेळात सव्वाशे वर्षांनंतरही स्त्रिया नोकरी सांभाळून, सामन्याचा मोबदला न घेता खेळत होत्या. दुसऱ्या श्रेणीच्या जवळजवळ सगळ्या अडचणी या एका वस्तुस्थितीशी येऊन थांबतात.

स्त्रियांची स्वतंत्र संघटना १९८५ मध्ये उभी राहिली. ती पूर्णपणे हौशी होती, पण तिच्यातून घडलेल्या खेळाडूंनी १९९६ मध्ये ग्रेट ब्रिटनच्या नावाने ऑस्ट्रेलियाचा दौरा केला आणि मालिका जिंकली. त्या पिढीतल्या ब्रेंडा डोबेक, सॅली मिलबर्न आणि लिसा मॅकिंटॉश यांना आरएफएलच्या सन्माननीय खेळाडूंच्या यादीत जागा मिळायला २०२२ साल उजाडावे लागले. पुढची वीसेक वर्षे खेळ टिकवला तो गावोगावच्या छोट्या क्लबांनी. सेंट हेलेन्सजवळचा थॅटो हीथ क्रुसेडर्स हा त्यातला सर्वांत बळकट. याच क्लबांच्या मुशीत पुढे दोन्ही श्रेण्या ओतल्या गेल्या.

पुरुषांची सुपर लीग १९९६ पासून होती. तेच नाव घेऊन महिलांची स्पर्धा २०१७ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यात चारच संघ होते : ब्रॅडफर्ड बुल्स, कॅसलफर्ड टायगर्स, फेदरस्टोन रोव्हर्स आणि थॅटो हीथ. पहिले अजिंक्यपद ब्रॅडफर्डने घेतले. दुसऱ्याच वर्षी लीड्स ऱ्हायनोज, विगन वॉरियर्स आणि यॉर्क आले, थॅटो हीथचा संघ सेंट हेलेन्सच्या नावाखाली गेला आणि संघ सात झाले. २०१८ च्या अंतिम सामन्यात विगनने लीड्सला १८–१६ असे हरवले. वेकफील्ड ट्रिनिटी २०१९ मध्ये आठवा संघ म्हणून आला.

या विस्ताराची दुसरी बाजू खालच्या श्रेणीत दिसते. मोठ्या क्लबांनी महिला संघ काढले, पण खेळाडू आकाशातून पडणार नव्हत्या. त्या वस्तीतल्या क्लबांमधूनच येणार होत्या. एखाद्या क्लबाचा अख्खा संघ मोठे नाव आणि नवी जर्सी घेऊन वर गेला, तर कुठे चार-सहा जणीच उचलल्या गेल्या आणि मागे उरलेल्यांना तेरा जणी जमवण्याची मारामार झाली. त्या काळातली चॅम्पियनशिप म्हणजे दोन भिन्न प्रकारच्या संघांची एकाच तक्त्यात केलेली सरमिसळ होती. एकीकडे सुपर लीगमध्ये शिरण्याच्या तयारीत असलेले व्यावसायिक क्लबांचे संघ, दुसरीकडे रविवारी खेळायला मिळावे एवढ्यावर समाधानी असलेले गावचे संघ. साहजिकच सामने एकतर्फी व्हायचे. हरणाऱ्यांपेक्षा जिंकणाऱ्यांचे त्यात जास्त नुकसान होते, कारण वर गेल्यावर काय वाट्याला येणार याची सवयच त्यांना होत नसे.

वॉरिंग्टन आणि हडर्सफील्ड या दोघांची बढती याच काळातली. २०२० च्या हंगामासाठी सुपर लीग दहा संघांची ठरली होती आणि त्यांना तिथे जागा मिळाली होती, पण करोनामुळे तो हंगामच रद्द झाला. पुरुषांची स्पर्धा त्याच वर्षी पुन्हा सुरू झाली, महिलांची नाही. चाचण्या, विलगीकरण आणि प्रवासाची शिस्त हा खर्च पगारी संघांना परवडला. दिवसा दवाखान्यात, शाळेत किंवा दुकानात काम करणाऱ्या खेळाडूंच्या संघांना तो झेपणारा नव्हता. वर चढलेल्या या दोन संघांना वरचा पहिला सामना खेळायला २०२१ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी सेंट हेलेन्सने साखळी, चॅलेंज कप (सुपर लीगहून वेगळी चषक स्पर्धा) आणि सुपर लीगचा अंतिम सामना असे तिन्ही किताब मारले. अंतिम सामन्यात लीड्सला त्यांनी एकही गुण करू दिला नाही (२८–०).

पुढच्या वर्षी बॅरो रेडर्स आणि ली इथला संघ सामील झाले, संख्या १२ झाली आणि सुपर लीगचे सहा-सहाचे दोन गट पाडण्यात आले. कागदावर बाराही संघ सुपर लीगचे; व्यवहारात मात्र अजिंक्यपद पहिल्या गटासाठी आणि दुसऱ्या गटातल्यांनी वर येण्यासाठी झगडायचे. ही तडजोड शहाणपणाची होती, असेच म्हणावे लागेल. बलाढ्य संघांना दर आठवड्याला बरोबरीचा सामना मिळू लागला, आणि दुबळ्या संघांची 'सुपर लीग' ही पाटीही शाबूत राहिली. त्या पाटीला किंमत होती, कारण तिच्यावाचून मूळ क्लब मैदान, फिजिओ आणि बस देताना हात आखडता घेतो.

दुसऱ्या गटाच्या या वर्षांतले सर्वांत बोलके उदाहरण कॅसलफर्डचे. २०१९ मध्ये या संघाने साखळीतले चौदाच्या चौदा सामने जिंकले. चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात लीड्सकडून १६–१० आणि सुपर लीगच्या अंतिम सामन्यात पुन्हा लीड्सकडूनच २०–१२ असा तो हरला, पण वर्षभर त्याच्याइतका सरस संघ दुसरा नव्हता. आदल्या वर्षी 'वूमन ऑफ स्टील' हा वर्षातील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिली मानकरी ठरली ती याच संघातली सतरा वर्षांची जॉर्जिया रोश. मग रोश लीड्सला गेली. प्रशिक्षक लिंडसे अ‍ॅनफील्ड यॉर्कला गेल्या आणि त्यांच्या पाठोपाठ खेळाडूंची रांग लागली. अडवणार कोण? पगार नाही तिथे करार नाही, आणि करार नाही तिथे बदलीचा मोबदलाही नाही. २०२३ उजाडले तेव्हा कॅसलफर्ड दुसऱ्या गटात जाऊन पडला होता. यॉर्कने मात्र २०२२ मध्ये अंतिम फेरी गाठली, २०२३ मध्ये लीड्सला १६–६ आणि २०२४ मध्ये सेंट हेलेन्सला १८–८ असे हरवून सलग दोनदा किताब घेतला. कॅसलफर्डमधून यॉर्कला आलेल्या टारा-जेन स्टॅनली (२०२२) आणि सिनेड पीच (२०२३) या लागोपाठ दोन वर्षे 'वूमन ऑफ स्टील' ठरल्या. दोन्ही गावांत अंतर जेमतेम तासाभराचे. एवढ्या जवळ असताना संघ बदलायला घर किंवा नोकरी सोडावी लागत नाही.

ब्रॅडफर्डचीही गत वेगळी नव्हती. पहिला विजेता संघ काही वर्षांतच दुसऱ्या गटात आणि नंतर चॅम्पियनशिपमध्ये दिसू लागला. वेकफील्डने माघार घेतली आणि २०२३ मध्ये त्याच्या जागी सॅल्फर्ड आला. पुरुषांच्या खेळात असा उतार चढायला किंवा उतरायला दशके लागतात, कारण तिथे क्लबची ऐपत बदलावी लागते. इथे एका हिवाळ्यात एका प्रशिक्षकाने गाव बदलले तरी पुरे.

पैसा आला तो वरून आणि बेताने. २०२३ च्या हंगामाआधी लीड्स आणि यॉर्क यांनी महिला खेळाडूंना सामन्यांचे पैसे देण्याची घोषणा केली. नोकरी सोडता येईल इतकी ती रक्कम नव्हती, पण देणारे आणि न देणारे असे क्लबांचे दोन वर्ग त्यामुळे पडले. याच वर्षी चॅलेंज कपचा महिलांचा अंतिम सामना पहिल्यांदा लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर झाला आणि सेंट हेलेन्सने लीड्सला २२–८ असे हरवले. रोश आणि यॉर्कची हॉली-मे डॉड या दोघी ऑस्ट्रेलियातल्या व्यावसायिक एनआरएलडब्ल्यू स्पर्धेत खेळायला गेल्या, रोश न्यूकॅसल नाइट्सकडे आणि डॉड कॅनबेरा रेडर्सकडे. नाइट्सने त्याच वर्षी तिथले अजिंक्यपद जिंकले. त्या दोन देशांमधली दरी किती, हे १ मार्च २०२५ रोजी लास व्हेगासमध्ये दिसले : ऑस्ट्रेलिया ९०, इंग्लंड ४. इंग्लंडमध्ये या निकालावर बरीच चर्चा झाली, पण बहुतेकांनी बोट दाखवले ते राष्ट्रीय संघाकडे. ऑस्ट्रेलियात सर्वोच्च स्पर्धेखाली न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंड यांच्या भक्कम राज्यस्तरीय स्पर्धा आहेत, याकडे मात्र कमी लक्ष गेले.

गटांची पद्धत २०२४ मध्ये संपली. सुपर लीग आठ संघांची झाली. पहिल्या गटातले लीड्स, यॉर्क, सेंट हेलेन्स, विगन, हडर्सफील्ड आणि वॉरिंग्टन हे सहा, आणि दुसऱ्या गटातून बॅरो व फेदरस्टोन. बॅरो-इन-फर्नेस हे कंब्रियाच्या टोकाचे, जहाजबांधणीचे गाव. तिथल्या संघाला प्रत्येक परक्या मैदानासाठी लांबचा प्रवास करावा लागतो आणि यॉर्कशरच्या संघांना बॅरो गाठायचे तर दिवस खर्ची पडतो. तरीही तो संघ वर टिकला. फेदरस्टोन मात्र तळाला राहिला आणि २०२५ साठी त्याची जागा ली लेपर्ड्सने घेतली. ली माइनर्स रेंजर्स या खाणकामगारांचे नाव सांगणाऱ्या स्थानिक क्लबातून पुढे आलेला हा संघ; जुन्या वस्ती-क्लबपासून सुपर लीगपर्यंतची वाट दुसऱ्या श्रेणीतून पायरीपायरीने चालल्याचे ते नेटके उदाहरण आहे. वरच्या टोकाला त्या वर्षी विगनने सेंट हेलेन्सला सुपर लीगच्या अंतिम सामन्यात १६–१२ आणि वेम्बलीवर चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात ४२–६ असे नमवले.

दक्षिणेकडची कथा निराळी. हल ते लिव्हरपूल हा एम-६२ महामार्गाचा पट्टा आणि कंब्रिया सोडले तर इंग्लंडमध्ये रग्बी लीगची मुळे उथळ आहेत. म्हणून २०२१ मध्ये 'सुपर लीग साउथ' अशी वेगळी साखळी काढण्यात आली. तिच्यात लंडन ब्रॉन्कोज, बेडफर्ड टायगर्स, ब्रिटिश लष्कराचा संघ आणि वेल्समधला कार्डिफ डीमन्स असे, एकमेकांशी फारसे साम्य नसलेले संघ एकत्र आले. पहिले विजेतेपद कार्डिफने पटकावले. इथल्या कित्येक जणी युनियनही खेळतात, आणि हंगाम वेगवेगळे असल्याने दोन्ही जमूनही जाते. नावात 'सुपर लीग' असली तरी पातळी दुसऱ्या श्रेणीचीच होती, आणि पुढे दक्षिणेची स्पर्धा त्याच श्रेणीचा भाग मानली गेली. तेव्हा उत्तरेचे आणि दक्षिणेचे संघ आपापल्या भागात साखळी खेळत. वर जाण्याचा प्रश्न हंगामाच्या शेवटी येई, तेव्हाच दोन्हीकडच्या सर्वोत्तम संघांची गाठ पडे. साखळीभर कार्डिफहून लँकेशरपर्यंत दर पंधरवड्याला बस पाठवणे हौशी क्लबांना शक्य नव्हते, म्हणून ही विभागणी.