टूरेट वेगळं, कोविडकाळातले अचानक आलेले झटके वेगळे

घरात टिक असलेलं, म्हणजे नकळत त्याच त्या हालचाली किंवा आवाज होणारं मूल असेल, तर टूरेट, म्हणजे अशा टिकचा लहानपणी सुरू होणारा मेंदूशी संबंधित आजार, नव्याने सांगायला नको. पाच-सहाव्या वर्षी डोळे मिचकावणं, मग नाक ओढणं, मान झटकणं, घसा खाकरणं. कधी वाढतं, कधी कमी होतं, 10 ते 12 या वयात सगळ्यांत जास्त जोर करतं आणि पुढे बहुतेकांचं बरंच निवळतं. मुलींपेक्षा मुलग्यांत तीन-चार पट जास्त. महामारीत यातल्या काहींच्या टिक वाढल्या, काहींना शाळेचा ताण नसल्याने उलट आरामच पडला.

खरा घोळ दुसऱ्या मुलांबद्दल आहे. कोविडच्या काळात लंडन, कॅल्गरी अशा शहरांतल्या टिक क्लिनिकमध्ये एकाएकी किशोरवयीन मुलींची रीघ लागली. हात जोरात उडायचे, स्वतःला किंवा शेजारच्याला फटका बसायचा, तोंडून शिव्या किंवा अख्खी वाक्यं निघायची. डॉक्टर याला फंक्शनल टिक म्हणतात, म्हणजे टिकसारखे दिसणारे, नकळत होणारे, पण टूरेटचे नसलेले झटके. तरीही आजसुद्धा कुणी असा व्हिडिओ टाकला, की खाली पहिलं नाव येतं टूरेटचं. कारण काय, तर शिव्या! टूरेट असलेल्यांपैकी साधारण 10 ते 15 टक्क्यांनाच शिव्यांची टिक असते. शिव्यांवरून निदान करणं आता थांबायला हवं.

पाहायची ती सुरुवात. टूरेट महिनोन्‌महिने, चेहऱ्यापासून हळूहळू उलगडत जातं. पालकांना पहिली तारीख सांगताच येत नाही. डोळ्यांचा नंबर तपासून झालेला असतो, ॲलर्जीची औषधं झालेली असतात. फंक्शनल टिकमध्ये आई दिवस सांगते, कधी कधी वेळही. काही तासांत किंवा दिवसांत सगळं एकदम येतं, तेही हातांपासून, धडापासून, आणि बहुतेकदा बाराव्या वर्षानंतर. म्हणून डॉक्टरांकडे जाताना आत्ताच्या झटक्यांच्या व्हिडिओसोबत लहानपणचे वाढदिवसाचे, गॅदरिंगचे व्हिडिओही न्या. त्यात डोळे मिचकावताना दिसले, तर निदानाची दिशा बदलू शकते.

दोष सरसकट लॉकडाउनला देणंही बरोबर नाही. जर्मनीत असे रुग्ण 2019 पासूनच येत होते. टूरेट असलेल्या एका तरुणाच्या यूट्यूब चॅनेलवरच्या टिक, ‘उडते शार्क’ या शब्दांसकट, त्यांच्यात हुबेहूब उतरलेल्या होत्या. सगळ्यांनीच असे व्हिडिओ पाहिले होते असंही नाही. चिंता, नैराश्य, एकटेपणा अनेकींत आधीपासून होता. आपल्याकडे जून 2020 मध्ये टिकटॉक बंद झालं म्हणून निर्धास्त राहू नका, यूट्यूब आणि रील्स आहेतच.

आणि कृपा करून ‘नाटक करते’ म्हणू नका. फंक्शनल टिक मुलगी मुद्दाम करत नाही. हे ऐकून ती आणखी घाबरते, झटके आणखी वाढतात. फरक उपचारांत पडतो: हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडॉनसारखी टिकची औषधं इथे सहसा उपयोगी पडत नाहीत, सुस्ती आणि वजनवाढ मात्र पदरी येते. आजार नीट समजावून सांगणं, चिंतेवर उपचार, सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी मानसोपचाराची पद्धत), टिकचे व्हिडिओ बंद करणं आणि घरच्यांनी प्रत्येक झटक्याभोवती गोळा न होणं, याने फरक पडतो.

दोन्ही एकाच मुलात असू शकतं. जुनं टूरेट असलेल्या मुलीला चौदाव्या वर्षी एका आठवड्यात नवे झटके सुरू झाले, तर जुन्या गोळीचा डोस वाढवण्याआधी ‘हे नवे झटके टूरेटचेच आहेत का?’ असं डॉक्टरांना स्पष्ट विचारा.